एखादी गोष्ट न येणारी असू दे

अगं, परवा फोनवर सगळं सांगून झाल्यावर तू शेवटी हळूच म्हणालीस, "तसं सगळं छान चाललंय ताई, पण मजा येत नाही कशातच." आणि लगेच गाडी चिरंजीवांच्या दहावीवर नेलीस. मी तेव्हा काही बोलले नाही. तुझ्यामागे कुकर ओरडत होता, आणि असल्या गोष्टी शिट्ट्या मोजता मोजता बोलायच्या नसतात. म्हणून आता निवांत लिहायला बसले आहे.

"आहे त्यात आनंद मान" असं काही मी तुला सांगणार नाही, घाबरू नकोस. तसले सुविचार आपल्या घरच्या ग्रुपवर पहाटेपासून येऊन पडतातच, गुलाबाच्या फुलासकट. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या, असंही हल्ली सांगतात. ते वाईट नाही, पण तुझ्या मागे दुधाची वही, इस्त्रीची वही, भिशीची वही आधीच आहे. त्यात आनंदाचीही वही लावून द्यायची माझी छाती होत नाही.

मला वाटतं, तुझं दुखणं वेगळंच आहे. तुला सगळं येतं.

हसू नकोस. बँकेत कुणाचं काही अडलं की "मॅडमना विचारा". सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब जुळत नसला की तुझं दार वाजतं. मोदकाच्या कळ्या तू टीव्हीकडे बघत पाडतेस. सासूबाईंची कुठली गोळी जेवणाआधीची आणि कुठली नंतरची, हे त्यांच्या मुलाला विचारलं तर तो तुझ्याकडे बघतो. दिवसभर लोक तुझ्याकडे उत्तरं मागायला येतात आणि तू ती देत राहतेस. मला सांग, "असं नाही, असं धर" हे तुला शेवटचं कुणी म्हटलं? बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या शिक्षकाने. त्यानंतर तुझ्या लेकाने मोबाइलबद्दल म्हटलं असेल, पण तो शिकवत नाही, वैतागतो.

सगळं येणाऱ्या बाईची एक अडचण असते. तिची कामं चोख होतात, म्हणून तिला कुणी शाबासकी देत नाही. आणि कुठेही अडखळायला होत नाही, म्हणून तिचं तिलाच काही नवल वाटत नाही. दिवस सरळ घरंगळत जातात. तुझ्याकडे आनंदाची कमतरता आहे असं मला वाटतच नाही. कमतरता आहे ती अडखळण्याची. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की तुला मुळीच येत नाही अशी एक गोष्ट शिकायला लाग, आणि पुष्कळ दिवस ती वाईट करत राहा.

मी मोडी शिकायला जाते हे तुला ठाऊक आहे, पण तिथे काय चालतं ते कधी सांगितलं नव्हतं. आमच्या वर्गात एक निवृत्त तलाठी आहेत, जमिनीच्या खटल्यांत जुने कागद लागतात म्हणून आलेला एक वकील आहे, आर्किटेक्चर शिकणाऱ्या दोन मुली आहेत आणि मी. शिकवणारा मुलगा तुझ्या लेकाहून फार मोठा नसेल. तो मला "काकू" म्हणतो आणि माझ्या वहीत लाल गोल करतो. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची असते, मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जायचं. आपला हात आयुष्यभर अक्षर आधी आणि रेघ नंतर असा वळलेला. पहिल्या दिवसांत माझी रेघ अर्ध्यातच संपायची, नाहीतर अक्षरांना सोडून वर निघून जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. काना लागला की ओळखीच्या अक्षराचं रूपडंच पालटतं. एक मात्र फार सुखाचं आहे, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड जवळजवळ नाही. आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी मोडीवर बंदीच आणली असती.

एक दिवस त्याने आम्हाला कुठल्याशा घरच्या खर्चाच्या जुन्या यादीची झेरॉक्स दिली. सगळे माना खाली घालून बसलो. 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'रा॥' म्हणजे राजश्री, एवढं येत होतं. एका ओळीत तीन अक्षरांचा एक गठ्ठा काही केल्या सुटेना. मला ते कुणा सरदाराचं नाव वाटत होतं. तलाठीकाका म्हणाले गावाचं नाव असेल. वकिलाला त्यात कर्ज दिसत होतं, त्याला सगळीकडेच कर्ज दिसतं. तास संपत आला तेव्हा त्या आर्किटेक्चरवाल्यांपैकी एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, सुपारी तर नाही ना?" सुपारीच होती. खाली दर, शेर, सगळं नीट लिहिलेलं. आम्ही पाचही जण इतके हसलो की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. अगं, त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये उभी होते, पाय दुखत होते, पण मला काहीतरी मोठं घबाड मिळाल्यासारखं वाटत होतं. शेदीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी सुपारी आणली, हे मला कळलं. कुणाला त्याचा काय उपयोग? कुणालाच नाही.

आणि नेमकं हेच लोकांना सहन होत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सरकारने काढलं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. लगेच मला फोन सुरू. "तू शिकतेस ना? मग जा की, चांगले पैसे देतात म्हणे." काम महत्त्वाचं होतं, त्याबद्दल प्रश्नच नाही, आणि जी माणसं ते बसून करत होती त्यांचा मला आदर आहे. पण मला तेव्हा धड सुपारी वाचता येत नव्हती! कुणाच्या दाखल्याचं भवितव्य माझ्या हाती देता का? तरी मावशी आठवडाभर माझ्यावर रुसली होती.

हे तुझ्याही बाबतीत होणार, म्हणून आत्ताच सावध करते. आपल्याकडे बाईला काही जरा बरं जमायला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "अय्या, किती छान! ऑर्डर घेतेस का?" क्रोशाचा रुमाल विणला, ऑर्डर घे. कुंडीत मिरच्या लागल्या, रोपं वीक. दोन अभंग पेटीवर वाजवले, क्लास काढ. यात पोटासाठी धडपडणाऱ्या बायकांना मी काही म्हणत नाही. घरची चूल ज्यांच्या शिवणावर पेटते त्यांचं मोल मला कळतं. पण तुझी चूल तुझ्या पगारावर पेटतेय. तुझी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी कामी यायलाच हवी, हा हिशेब तुझ्यावर कुणी लादला? एखादा तास असा ठेव की त्यातून घराला, बँकेला, सासर-माहेराला एक पैसाही मिळणार नाही. ऑर्डर आली की वेळेत द्यावी लागते, चांगली द्यावी लागते, आणि मग ते तुझं सातवं काम होतं. वाईट करायची मुभा गेली की मग तिथेही तू "मॅडमना विचारा"च.

रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक तू वाचलं आहेस का? 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१० साली आलेलं. आपल्या आईच्या कपाटात आहे, कव्हर गेलेलं. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. १८८६ साली माधवराव रानडे सरकारच्या फायनान्स कमिटीवर होते, म्हणून ही दोघं कलकत्त्यात राहत होती. रानड्यांना बंगाली येत नव्हतं. त्यांनी शिकायची पुस्तकं आणली आणि सुरुवात केली. एके दिवशी न्हावी हजामत करायला आलेला, आणि हे हातात पुस्तक धरून त्यालाच शब्द विचारताहेत, उच्चार विचारताहेत. रमाबाईंनी ते आतून ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. न्हाव्याला गुरू केलात म्हणून त्यांनी नवऱ्याची चेष्टा केली. तर हे म्हणतात, दत्तात्रेयांनी नाही का चोवीस गुरू केले! पुढे त्यांनी बायकोलाही बंगाली शिकवायला घेतलं.

आता विचार कर. देशातल्या मोठ्या विद्वानांत ज्याची गणना, कायदा, इतिहास, अर्थकारण ज्याच्या जिभेवर, तो माणूस गालाला साबण फासलेला असताना न्हाव्याला विचारतो, हे अक्षर कसं म्हणायचं? आणि बायको हसते तेव्हा चिडत नाही. यातलं मला दुसरंच अधिक मोठं वाटतं. ज्या घरात आपल्याला बिनधास्त हसता येतं आणि आपल्यावरही कुणी हसलेलं चालतं, ते घर राहायला बरं असतं.

रमाबाईंचं स्वतःचं शिकणं मात्र इतकं हसतखेळत झालं नाही. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांनी बोलून बोलून नको केलं. बाहेर नवरा म्हणतो वाच, आत बायका म्हणतात पुस्तक ठेव. त्या दोन्हींच्या मधे त्यांनी इंग्रजीसुद्धा शिकून घेतलं. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते त्यांच्यामुळे, आणि तिथे कितीतरी मोठ्या बायका पाटी घेऊन बसल्या. त्यांच्या मानाने आपल्याला कोण अडवतंय? फार तर आमचे जावईबापू म्हणतील, "आता या वयात?" म्हणू देत. एकदाच म्हणतात. बुधवारी संध्याकाळी पोळ्या कुणी करायच्या हा प्रश्न सुटला की त्यांचा विरोधही सुटतो. तो तू आधीच सोडव, पण स्वतः पोळ्या करून जाऊन नव्हे. नेहमी तेच करतेस तू.

वयाचं म्हणशील, तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची गोष्ट तू पेपरात वाचली असशील. २०१६ च्या महिला दिनाला तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, योगेंद्र बांगर त्यांचं नाव, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी यायच्या. गावात शिवजयंतीला पारायण असतं, आणि आपल्यालाही ते वाचता यावं असं आजींना वाटत होतं, तिथून हे निघालं. शिकवायला गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूबाई. मला त्या घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणायला फार आवडतं. दुपारी सून म्हणते, "ते अक्षर पुन्हा काढा," आणि रात्री सासू म्हणते, "आमटीत मीठ कमी आहे." बरोबरीत सुटली की नाही मॅच?

त्या आजींना नोकरी नव्हती करायची. अंगठा उठवायच्या जागी सही करता यावी, एवढीच त्यातल्या कित्येकींची हौस. तुझ्या-माझ्यासारखीला वाटतं, सही ती काय! पण ज्या हाताने साठ वर्षं भात लावला त्या हाताला पेन्सिल धरताना काय वाटत असेल, ते मी मोडीची रेघ ओढताना थोडंसं, अगदी थोडंसं, ओळखायला लागले आहे.

बरं, आता कामाचं बोलते. काय शिकावं हे मी सांगणार नाही. एवढं बघ, की ते तुझ्या आत्ताच्या कामांच्या जवळपासचं नको. तू केक शिकायला गेलीस तर चौथ्या दिवशी घरातले वाढदिवस तुझ्या गळ्यात. एक्सेलचा कोर्स तर मुळीच नको, ते बँकेने करावं. हाताला, गळ्याला किंवा पायांना नवं असेल असं काहीतरी घे. पोहणं घे. आमच्याकडच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच असते, पन्नाशीच्या पुढच्या बायका कडेची नळी धरून पाय मारत असतात आणि गप्पा इतक्या मारतात की शिकवणारी बाई शिट्टी फुंकून थकते. पेटी घे. माझी एक मैत्रीण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकच्या परीक्षेला बसली. बाहेर बाकावर सगळी दुसरी-तिसरीतली पोरं आणि मधे ही. एका मुलाच्या आईने तिला विचारलं, "तुमचा मुलगा आत गेला का?" ती म्हणाली, "नाही, माझाच नंबर यायचाय." पास झाली. पहिली श्रेणी आली नाही म्हणून दोन दिवस खट्टू होती, यावरून ती किती लहान झाली होती बघ.

शक्यतो माणसासमोर शिक. फोनवर व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि काही उत्तमही आहेत, पण फोन तुझ्या वहीत लाल गोल करत नाही. शिवाय फोन हातात घेतलास की बँकेचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आणि तू परत उत्तरं द्यायला बसलीस. वर्गात जाऊन बसलं की निदान तेवढा वेळ आपण विद्यार्थी असतो. आणि कृपा करून पहिल्याच आठवड्यात महागडी पेटी विकत घेऊ नकोस. आपल्या घराण्यात ती खोड आहे. आधी सामान जमवायचं, मग त्याच्यावर चादर घालायची. बाबांचा तो कॅमेरा आठव.

मधे एक वेळ अशी येईल की नव्याची नवलाई संपलेली असेल आणि येत तर काहीच नसेल. मला तर तेव्हा प्रत्येक वर्गाच्या दिवशी घरात काहीतरी निघायचं. पाहुणे, गॅसवाला, माझं डोकं. त्या वेळी मला वर्गातल्या माणसांनी धरून ठेवलं. तलाठीकाका येताना शेंगदाण्याचे लाडू आणायचे आणि ते चुकवणं परवडणारं नव्हतं. तूही असं कुणीतरी बघून ठेव. मोठ्या निश्चयापेक्षा लाडू अधिक टिकतो, असा माझा अनुभव.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते, खरं उत्तर दे. "मजा येत नाही" म्हणतेस ते नुसतं कंटाळ्याचं आहे ना? झोप उडाली आहे, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही, उगाच रडू येतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर मोडी आणि पेटी त्यावर औषध नाही. तिथे सरळ डॉक्टर गाठायचा. चाळिशीत शरीरातही बदल होत असतात, थायरॉइड, रक्त कमी असणं, पाळीच्या तक्रारी. मनाचं म्हणून आपण जे सोसतो ते कधी कधी तपासणीत सापडतं. आणि कुणाशी बोलावंसं वाटलं, पण ओळखीचं माणूस नको असलं, तर सरकारची टेली-मानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. लाज वाटायचं काही कारण नाही. दाढ दुखली तर तू घरी बसून सुविचार वाचत नाहीस.

नुसता कंटाळा असेल, तर मात्र माझं ऐक. या महिन्यात चौकशी कर, पुढच्या महिन्यात जाऊन बस. दहावी संपू दे, मग बघू, असं म्हणू नकोस. दहावीनंतर बारावी असते, आणि तुझा मुलगा तुझ्या डोक्यावर बसण्यापेक्षा तू त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला चुका करत बसलीस तर त्यालाही मोकळं वाटेल. त्याला कळू दे की आईलासुद्धा एक गोष्ट येत नाही. परवा मी वहीतले लाल गोल दाखवले तेव्हा आमची लेक म्हणाली, "आई, माझ्यापेक्षा तुझे जास्त आहेत!" आणि त्यानंतर तिने आपणहून तिची गणिताची वही दाखवली, जी महिनाभर दप्तराच्या तळाशी होती. गुणांबद्दल मी काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे होतं मला?

काय ठरवतेस ते कळव, पण गुरुवारी संध्याकाळी फोन करू नकोस, मी वर्गात असते. आणि आईला इतक्यात काही सांगू नकोस. ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंची ऑर्डर घेऊन येईल.

तुझी,
ताई